माहितीपटासाठी पारंपरिक गाण्यांच्या चाली वाद्यांवर वाजवून घ्यायच्या आहेत

बारवप्रेमी :
आमच्या तालुक्यातील जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि मोटेच्या, म्हणजे बैलांकरवी चामड्याच्या पोहऱ्याने पाणी ओढायच्या विहिरी यांवर मी २५ मिनिटांचा माहितीपट करत आहे. चित्रीकरण संपले असून निवेदनही ध्वनिमुद्रित झाले आहे. आता पार्श्वसंगीत तेवढे उरले आहे. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याचे एखादे गाणे आणि एक अभंग यांच्या चाली केवळ वाद्यांवर वाजवून निवेदनाखाली ठेवाव्यात, अशी माझी कल्पना आहे. गाणी शेकडो वर्षांची असल्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही, असे एक मित्र म्हणतो. दुसरा सांगतो की यूट्यूबवर चढवताच कोणाचा ना कोणाचा दावा येईल. एका संकेतस्थळावर बासरीवरच्या ‘पारंपरिक मराठी धून’ या नावाने तयार तुकडे मिळत आहेत. ते घ्यावेत, की गावातील वादकांकडून नव्याने वाजवून घ्यावे? पैसा बेताचाच आहे.

शिरस्तेदार :
आपले दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी असून प्रत्येकीचा मालक वेगळा असू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ओवी कोणाचीही नसली, तरी तिचे गेल्या दहा वर्षांत केलेले बासरीवादन कोणाचे तरी असतेच.

खरी फसगत चालीच्या बाबतीत होते. पसायदानाचे शब्द १२९० सालच्या ज्ञानेश्वरीतले आहेत, पण आपल्या कानात बसलेली चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे. ‘मी डोलकर’ हे गीत कोळ्यांचे पारंपरिक गाणे म्हणून अनेक कार्यक्रमांत वाजते. प्रत्यक्षात शब्द शांता शेळके यांचे आणि संगीत पुन्हा हृदयनाथांचे. तेव्हा आपला अभंग कोणत्या चालीत आहे, हे आधी सांगावे. शब्द गाळल्याने चालीवरचा हक्क गळून पडत नाही.

संकेतस्थळावरील तुकड्यांचा परवाना शब्दन् शब्द वाचून पाहावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देण्याच्या) ज्या परवान्यात फेरबदलास मनाई असते, त्याखालील संगीत चित्राला जोडताही येत नाही, कारण हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हाच त्या परवान्यांच्या लेखी फेरबदल ठरतो. ‘रॉयल्टी-फ्री’चा अर्थही फुकट असा नव्हे, तर दर वापरामागे वेगळे मानधन द्यावे लागत नाही एवढाच.

तानपुरा :
हक्कांचे वर आले आहेच; मी ध्वनिसंयोजनाच्या बाजूने लिहितो. शब्द काढून टाकले की ते निवेदनाच्या आड येणार नाहीत, हे आपण गृहीत धरले आहे आणि नेमके तेच खरे नाही. ओळखीची चाल वाद्यावर लागली की श्रोता शब्द मनात म्हणू लागतो, आणि मनातले शब्द निवेदकाला जितके झाकतात तितके गायकाचेही झाकत नाहीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पावसाळ्यावरच्या एका लघुपटात शेतातल्या पाण्याच्या दृश्याखाली मी ‘ऐलमा पैलमा’ची चाल संतूरवर घेतली होती. गावातल्या पहिल्या खेळाला बायकांची रांग पहिल्याच आवर्तनापासून टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागली, कोणीतरी खिरापतीची आठवण काढली, आणि पर्जन्यमानाचे मी मोठ्या कष्टाने जमवलेले आकडे कोणाच्याही कानावर पडले नाहीत. लोक खूश होते, ही गोष्ट वेगळी.

म्हणून ओळखता येईल अशी पूर्ण ओळ केवळ निवेदन थांबते तिथे वाजू द्यावी. निवेदनाखाली त्याच चालीचा आधारस्वर, तुणतुण्याची तार किंवा ओळीच्या शेवटचे दोन-तीन स्वर पुरतात. व्यंजनांची स्पष्टता साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि सनई किंवा पेटीचा आवाज तिथेच टोचतो, त्यामुळे तो पट्टा संगीतात थोडा दाबावा. संगीत सरसकट बारीक करण्यापेक्षा हा उपाय चांगला.

बासरीबद्दल माझे मत कडू आहे. गाव दिसले की बासरी, हे समीकरण आता फार झाले. ओवीची चाल तीन-चार स्वरांत फिरते आणि तिची लय मात्रांपेक्षा जात्याच्या फेऱ्याने ठरते. तिला ठेका लावून बासरीवर सजवली की ती ओवी राहत नाही, हॉटेलच्या स्वागतकक्षातले संगीत होते. सारंगी किंवा व्हायोलिन गळ्याच्या अधिक जवळ जाते. पेटी टाळावी, कारण ओवीतले स्वर तिच्या पट्ट्यांच्या मधे पडतात.

सुंदरी_सोलापूर :
सनईचा आवाज टोचतो हे मान्य. पण आमच्याकडची सुंदरी हे तिचेच धाकटे रूप खुल्या दृश्यांवर शोभून दिसेल. गावातील वादकांकडूनच वाजवून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, मात्र बिदागी हातावर ठेवून ‘झाले’ असे करू नये. लेखी करार करावा आणि त्यात मुदत व प्रदेश दोन्ही लिहावेत. हक्क लिहून घेताना मुदत नमूद नसेल तर कायदा ती ५ वर्षांची मानतो आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरताच. उद्या माहितीपट परदेशातल्या महोत्सवात गेला की अडचण येते. श्रेयनामावलीत वादकांची नावे वाद्यांसह द्यावीत. यूट्यूबवर दावा आलाच, तर हा करार आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या फाइली हाताशी असल्या म्हणजे हरकत घेणे सोपे जाते.

ओव्यांच्या चाली तालुक्यागणिक बदलतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, त्यांतल्या अनेक ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या कान तयार करण्यासाठी ऐकाव्यात. त्यातून तुकडा कापून घेऊ नये, कारण गाणाऱ्या बाईचा हक्कही कायद्याने मानलेला आहे.

बारवप्रेमी :
तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. शिरस्तेदार यांची शंका खरी ठरली. मी मनात धरलेली चाल लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेतली, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळे यांची निघाली. खळे २०११ साली गेले, म्हणजे तिच्यावरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहणार. ती सोडली आणि आमच्या दिंडीत म्हणतात ती वारकरी चाल पखवाज-टाळांसह घेतली. भोंडला वगळला, तानपुरा यांचा प्रसंग वाचल्यावर धीरच झाला नाही.

ओवीसाठी शेजारच्या आजींना आधी गायला बसवले, म्हणजे सारंगीवाल्याला चाल उचलता येईल. त्या दोन ओळी म्हणायच्या आणि थांबायच्या. हात रिकामा असला की चाल सुटते, म्हणाल्या. शेवटी माळ्यावरचे जाते खाली काढून धुतले, मूठभर ज्वारी घातली, तेव्हा त्या सलग वीस मिनिटे गायल्या. सारंगीवाल्याने दुसऱ्या दिवशी ती चाल वाजवली, पण जात्याची घरघर नसेल तर सम (तालाची पहिली मात्रा) कुठे मानायची हे त्यालाही कळेना. म्हणून बारवेच्या दृश्याखाली आता सारंगी आणि जाते एवढेच आहे, आणि मोटेचे दृश्य येते तिथे सारंगी थांबून चाकाची करकर आणि थारोळ्यात (विहिरीकाठच्या कुंडात) पडणारे पाणी ऐकू येते.

करारावर आजींचाही अंगठा घेतला आहे. मुदत किती लिहायची विचारल्यावर त्या म्हणाल्या, “जातं झिजंस्तवर.” वकिलांनी मात्र ६० वर्षे लिहिली.