शब्दचर्चा : पक्ष्यांचा ‘संसर्ग’ की ‘संपर्क’?

प्रश्न

मी मेडिकल कोडिंग करते. रुग्णाच्या कागदपत्रांतलं निदान वाचून त्याला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला, म्हणजे आयसीडी-१० मधला, कोड लावणं हे माझं काम. अलीकडे एका फाइलमध्ये रुग्णाने मराठीत भरलेली प्रश्नावली होती. त्यात ‘पक्ष्यांशी संसर्ग आहे का?’ या प्रश्नापुढे ‘हो, वीस वर्षं’ असं उत्तर. पुढच्या टप्प्यावर कोणीतरी त्याचं इंग्रजी करताना पक्ष्यांपासून झालेलं इन्फेक्शन असं लिहिलं, आणि कच्च्या यादीत कोड पडला ए ७०, म्हणजे सिटॅकोसिस, पोपटांपासून येणारा जिवाणूंचा आजार. मूळ कागद पाहिले तर जिवाणूंचा कुठेही पत्ता नाही. कोरडा खोकला, चढण चढताना धाप, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांवर धुरकट ठिपके, आणि घरात पाळलेली कबुतरं. डॉक्टरांना लेखी विचारलं, तेव्हा त्यांनी निदान स्पष्ट केलं : ‘बर्ड फॅन्सियर्स लंग’, म्हणजे पक्ष्यांच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा दाह. कोड जे ६७.२.

एका शब्दामुळे रोगाचं घराणंच बदललं, हे मनाला लागून राहिलं आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रश्नावलीत ‘संसर्ग’ऐवजी काय लिहावं? आणि या आजाराला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

वैद्यकीय भाषांतर करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. ज्याने ‘संसर्ग’ लिहिलं त्याची फार चूक नाही. संसर्ग म्हणजे मुळात एकत्र येणं, सहवास. सृज् धातूपासून आलेला शब्द. ‘वाईट मुलांचा संसर्ग नको’ असं म्हणणाऱ्या आजीच्या मनात जंतू नव्हते. संपर्क पृच् धातूपासून आला, त्याचाही अर्थ मिसळणं हाच. दोन्ही शब्द एकाच अंगणातले. पण दवाखान्याच्या मराठीने ‘संसर्ग’ हा शब्द पुरता इन्फेक्शनला देऊन टाकला, आणि आता तो परत मागता येणार नाही.

तरी ‘संपर्क’ लिहून काम भागेल असं मला वाटत नाही. संपर्क म्हटलं की हात लावणं डोळ्यांपुढे येतं. ज्याच्या खिडकीच्या वरच्या कोनाड्यात कबुतरांची घरटी आहेत, तो माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील, कारण त्याने एकाही कबुतराला कधी हात लावलेला नसतो. इंग्रजीतल्या ‘एक्स्पोजर’ला मराठीत एकच एक नाम शोधण्याचा हट्ट इथे सोडावा आणि सरळ क्रियापदाने विचारावं.

प्रतिसाद

मी छातीचे विकार पाहणारी डॉक्टर आहे. वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. या आजारात हात लावण्याचा संबंधच नाही, जे काही घडतं ते श्वासातून. पिसांवर मेणचट बारीक पूड असते, ती हवेत उडते. वाळलेल्या विष्ठेचे कणही उडतात. त्यांतली प्रथिनं काही माणसांच्या फुप्फुसांना सोसत नाहीत आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाच तिथे दाह निर्माण करते. पक्षी अगदी निरोगी असतो, हे लोकांना पटवणं सर्वांत कठीण.

म्हणून या आजाराच्या नावात ‘पक्षिजन्य’ या शब्दाला माझा विरोध आहे. व्युत्पत्तीने तो बरोबर आहे, पण जलजन्य, कीटकजन्य हे शब्द ऐकून ऐकून ‘-जन्य’ला आपल्या कानात साथीच्या रोगाचा वास लागला आहे. ‘ॲलर्जी’ही फसवा. ॲलर्जी म्हटलं की शिंका, गांधी, फार तर दमा. इथे इम्युनोग्लोब्युलिन ई (नेहमीच्या ॲलर्जीमागचं प्रतिपिंड) हे प्रमुख कारण नसतं. रुग्ण ॲलर्जीच्या गोळ्या घेत राहतो, फुप्फुसं आतून कडक होत जातात, आणि निदान होईपर्यंत काही भाग कायमचा गेलेला असतो. ‘न्यूमोनायटिस’ (फुप्फुसांचा दाह) आणि ‘न्यूमोनिया’ (फुप्फुसांतला जंतुसंसर्ग) यांतला फरक तर मराठीत लिहिताना सर्रास पुसला जातो.

मी रुग्णांना ‘पक्ष्यांच्या धुळीमुळे झालेला फुप्फुसदाह’ असं सांगते. लांब आहे, पण कारण, इंद्रिय आणि प्रकार तिन्ही त्यात येतात.

प्रतिसाद

‘पक्षीजन्य’ न लिहिता ‘पक्षिजन्य’ लिहिलंत याचं समाधान वाटलं. संस्कृतातले इन्-अन्त शब्द समासात आधी आले की ऱ्हस्व होतात : पक्षिमित्र, विद्यार्थिगृह. फुप्फुस आणि फुफ्फुस दोन्ही रूपं चालतात, फक्त एका कागदावर एकच ठेवावं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘फॅन्सियर’बद्दल थोडं. हा शब्द हौसेने पक्षी पाळणाऱ्या, त्यांची पैदास करणाऱ्या माणसासाठी आहे. ‘फॅन्सी’ हे ‘फँटसी’चंच आखूड रूप. आपल्याकडे जवळचा शब्द कबूतरबाज, पण त्यातल्या ‘बाज’मध्ये शौकाची आणि थोडी निंदेची छटा आहे. ती रुग्णाच्या कागदावर नको. शिवाय हा आजार होणारे कितीतरी लोक पक्षी पाळतच नाहीत. कोणी पिसांची रजई पांघरतो, कोणाच्या गच्चीवर कबुतरं वस्तीला असतात. आयसीडी-१० मध्ये जे ६७ खाली अशी व्यवसायाची आणि छंदाची नावं ओळीने आहेत : शेतकऱ्याचं फुप्फुस जे ६७.०, उसाच्या चिपाडाने होणारा बॅगासोसिस जे ६७.१, अळिंबी कामगाराचं जे ६७.५. नाव माणसावरून पडलं, पण दोष धुळीचा. त्यामुळे ‘पक्षिपालकाचं फुप्फुस’ हे भाषांतर शब्दकोशापुरतं ठीक.

कोडिंगच्या बाजूने एक विनंती डॉक्टरताईंना. कागदावर एका ओळीत ‘धाप’ आणि दुसऱ्या ओळीत ‘घरी कबुतरं आहेत’ असेल, तर त्या दोन ओळी जोडण्याचा अधिकार मला नाही. ‘मुळे’ हा शब्द तुम्हालाच लिहावा लागतो. कारण लिहिलंच नाही तर मला जे ६७.९ वर, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’वर थांबावं लागतं.

प्रतिसाद (डॉक्टर)

मान्य, आणि हे मी सहकाऱ्यांनाही सांगेन. एक भर घालते. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या गटातल्या आजारांची तीव्र-जुनाट अशी विभागणी बाजूला ठेवून तंतुमयता (फुप्फुसं व्रणासारखी कडक होणं) आहे की नाही यावर भर दिला आहे. तेव्हा तेही निदानात लिहायला हवं. आणि पक्षी कधी हलवले ती तारीखही, कारण पक्षी गेल्यावरही ती धूळ घरात महिनोन्‌महिने राहते.

मूळ प्रश्नकर्ती

मग प्रश्नावलीसाठी हा मसुदा पाठवते आहे : ‘तुमच्या घरात, गच्चीवर, खिडकीशी किंवा कामाच्या जागी पक्षी आहेत का, किंवा पूर्वी होते का? कोणते? किती वर्षं? पिसांची उशी किंवा रजई वापरता का? या जागेपासून काही दिवस लांब राहिल्यावर खोकला किंवा धाप कमी होते का?’

‘विष्ठा’ हा शब्द कुठे घ्यायचा राहिला. ‘पक्ष्यांची घाण तुम्ही साफ करता का?’ असं विचारलं तर लोकांना जास्त समजेल का?