युरोपा युनिव्हर्सॅलिससारखे किचकट गेम नोकरी सांभाळून शिकता येतात का?

वाघबीळकर, ठाणे

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि ऐरोलीला नोकरी करतो. घरी पोचून जेवणखाण उरकेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे गेम खेळायला आठवड्यातल्या दोन-तीन रात्री आणि रविवारची दुपार एवढाच वेळ मिळतो. इतिहासाची आवड असल्यामुळे मी 'युरोपा युनिव्हर्सॅलिस 4' हा एखादे ऐतिहासिक राज्य निवडून ते चालवण्याचा संगणकावरचा गेम घेतला. 11 नोव्हेंबर 1444 या दिवशी सुरू होणाऱ्या त्या नकाशावर दख्खनमध्ये बहमनी सल्तनत आणि तिच्या दक्षिणेला विजयनगर पाहून अतिशय आनंद झाला, कारण शालेय पुस्तकात दोन-चार परिच्छेदांत आटोपणारा हा कालखंड इथे वर्षागणिक आणि प्रांतागणिक समोर उलगडत होता.

प्रत्यक्ष खेळताना मात्र गाडी अडते. प्रशासन, राजनय आणि लष्कर यांचे वेगवेगळे गुण (खर्च करायचे पॉइंट), व्यापाराची केंद्रे, धर्म, चलनवाढ, सल्लागार या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. बहमनी राज्य घेतले की पहिली युद्धे मी जिंकतो, प्रदेशही वाढतो. पण काही वर्षांनी ज्यांच्याशी माझे भांडण नाही अशीही राज्ये एकजुटीने चालून येतात आणि त्याच सुमारास राज्यात बंडे पेटतात. हे कशाचे फळ आहे, ते पडद्याकडे पाहून उमगत नाही.

माझा प्रश्न असा, की असे गेम शिकण्याची काही पद्धत आहे का? आधी तासन् तास व्हिडिओ पाहावेत, की खेळत राहून शिकावे? माझ्याइतका वेळ असणाऱ्याने या वाटेला जावे का, याविषयीही कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : पाळीवाला, रबाळे

वाटेला जरूर जावे, पण व्हिडिओंपासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. मी एमआयडीसीत उत्पादन विभागात काम करतो आणि घरी 'फॅक्टोरिओ' खेळतो. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरने केलेल्या या गेमची 1.0 आवृत्ती 2020 साली आली. त्यात परक्या ग्रहावर कारखाना उभारायचा असतो आणि नवख्यांची सर्वांत मोठी अडचण विजेपाशी येते. कोळसा खणणारी यंत्रे विजेवर चालतात आणि तो बॉयलरमध्ये टाकणारे यांत्रिक हातही विजेवरच चालतात. कारखाना वाढला आणि वीज कमी पडू लागली, की हे हात मंदावतात, बॉयलरला कोळसा कमी पोचतो, त्यामुळे वाफ घटते, वीज आणखी कमी होते आणि अखेरीस सगळा कारखाना अंधारात जातो. ज्या यंत्राचे उत्पादन थांबले त्याच्याशीच खटपट करत बसले तर काहीच हाती लागत नाही. माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या कडेने मागे मागे चालत बॉयलरपर्यंत गेले की मूळ सापडते. तिथे विजेऐवजी कोळशावरच चालणारे हात बसवले की हे दुष्टचक्र तुटते.

हे कोडे ज्याने स्वतः सोडवले त्याला पुढे तेलशुद्धीकरणापर्यंत कुठेही तुंबलेले काम शोधता येते. इंटरनेटवर तयार आराखडे भरपूर मिळतात. सर्किटच्या 2 यंत्रांना तांब्याच्या तारेची 3 यंत्रे लागतात, हे गुणोत्तरही आयते वाचता येते. पण आराखडा उतरवून घेणाऱ्याला ते 3 आणि 2 का, हे कळत नाही, आणि काही बिघडले की तो पुन्हा दुसऱ्याचा आराखडा शोधत बसतो. या गेमचा डेमो विनामूल्य आहे, तो एकदा खेळून पाहावा.

प्रतिसाद : भौतिकी, नेरूळ

पाळीवाला यांचे विजेचे उदाहरण फार चांगले आहे, पण निष्कर्ष मला पूर्णपणे पटत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. जॉन स्वेलर यांनी 1980 च्या दशकात आकलनभाराचा सिद्धांत मांडला; त्या संशोधनातून असे दिसले, की अगदी नवख्या माणसाला कोरे गणित सोडवायला देण्यापेक्षा प्रत्येक पायरीचे कारण सांगणारे सोडवलेले उदाहरण अधिक शिकवते. जाण वाढली की ही मदत उलट आड येऊ लागते आणि तेव्हा स्वतः सोडवणेच बरे. त्यामुळे व्हिडिओ पाहावेत की नाही, यापेक्षा व्हिडिओ करणारा कारणे सांगतो की नुसत्या कृती दाखवतो, हे महत्त्वाचे आहे.

मूळ प्रश्नातली अडचण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. मी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा रॉकेट बनवून उडवण्याचा गेम विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. त्यात रॉकेट सरळ वर सोडले तर ते तिथल्या काल्पनिक ग्रहाचे 70 किलोमीटरांचे वातावरण ओलांडून जाते आणि तरीही खाली येऊन आदळते, कारण कक्षेत राहण्यासाठी सुमारे 2,300 मीटर प्रति सेकंद इतका आडवा वेग लागतो. पुढे जाणाऱ्या यानाला गाठायचे असेल तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते, हे तर मुलांना पहिल्यांदा खोटेच वाटते. त्यामागचे गणित अवघड आहे, पण केलेल्या कृतीचा परिणाम काही मिनिटांत डोळ्यांसमोर येतो आणि एका बटणाने पुन्हा प्रक्षेपणापाशी जाता येते, म्हणून मुले शिकतात. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस'मध्ये मात्र 1450 साली केलेल्या तहाचे फळ 1460 च्या पुढे मिळते. तोपर्यंत मधे शंभर निर्णय झालेले असतात आणि त्यांपैकी कोणता नडला, हे कोणालाही आठवणार नाही. तेव्हा नियम किती आहेत यापेक्षा कारण आणि परिणाम यांच्यात किती अंतर आहे, यावर शिकण्याचा चढ ठरतो, आणि आपल्याला हे अंतर कमी करण्याचे उपाय हवे आहेत.

प्रतिसाद : नौपाडा

वरील चर्चेत एक बाब राहून गेली आहे. सगळा दोष शिकणाऱ्याच्या पद्धतीचा नसतो. पुष्कळदा गेम आपली माहिती नीट मांडत नाही. बुटक्यांची वसाहत चालवण्याचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा गेम 2006 साली प्रथम खुला झाला तेव्हा त्यातले बुटके, डोंगर आणि दारूची पिंपे ही सगळी नुसत्या अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवली जात आणि प्रत्येक आज्ञेसाठी निराळी कळ पाठ करावी लागे. डिसेंबर 2022 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर चित्रे आणि माऊसची सोय असलेली आवृत्ती आली. गेमची खोली होती तशीच राहिली, तरी आधी वर्षानुवर्षे लांबूनच पाहणारे अनेक जण तो खेळू लागले. 'क्रुसेडर किंग्ज 3' मध्ये माहितीच्या चौकटीतल्या अनोळखी शब्दावर माऊस नेला की त्याच्या अर्थाची दुसरी चौकट उघडते आणि तिच्यातल्या शब्दावर नेला की तिसरी. त्यामुळे गेमची माहिती देणारी विकी सतत उघडी ठेवावी लागत नाही. त्याच पॅराडॉक्स कंपनीच्या आधीच्या 'युरोपा युनिव्हर्सॅलिस 4' मध्ये ही सोय नाही आणि त्याचा त्रास नवख्याला होतो.

आणखी एक गोष्ट पैशांच्या दृष्टीने सांगावीशी वाटते. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. इतक्या मोठ्या गेमची पारख 2 तासांत होणे शक्य नाही, म्हणून असा गेम घेण्यापूर्वी कोणाचा तरी सलग खेळ थोडा वेळ पाहणे मला योग्य वाटते. शिकण्यासाठी नव्हे, तर आपल्याला यात रस आहे की नाही हे ठरवण्यासाठी.

वाघबीळकर

सर्वांचे मनापासून आभार. भौतिकी ताई, कारण आणि परिणाम यांच्यातल्या अंतराचा मुद्दा अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. आता या गेममध्ये ते अंतर प्रत्यक्षात कसे कमी करावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद : दक्षिणपथ, खारघर

सांगतो, कारण बहमनी राज्य मी पुष्कळ खेळलो आहे. आपल्यावर चालून येणाऱ्या आघाडीचे मूळ तहाच्या पडद्यावर असते. जिंकलेला प्रत्येक प्रांत मागताना आसपासच्या राज्यांच्या मनात 'आक्रमक विस्तार' नावाची नाराजी साचते आणि ती 50 च्या पुढे गेली की ते राज्य आपल्याविरुद्धच्या आघाडीत सामील होण्याच्या बेतात येते. ज्यांच्याशी तह झालेला आहे त्यांना तहाची मुदत संपेपर्यंत आघाडीत येता येत नाही, म्हणून काही वर्षे सगळे शांत वाटते आणि मग मुदती एकापाठोपाठ एक संपल्या की सगळे एकदम उठतात. तहावर सही करण्यापूर्वी त्या नाराजीच्या आकड्यावर माऊस नेला तर कोणत्या राज्याचे मन किती कलुषित होणार, याची यादी तिथेच दिसते. ती वाचून एखादा प्रांत सोडून द्यावा आणि त्याऐवजी पैसे घ्यावेत. जे राज्य काठावर आहे, त्याच्याकडे संबंध सुधारण्यासाठी राजदूत पाठवावा.

बंडांचे कारण निराळे आहे. जिंकलेला प्रांत प्रशासकीय गुण खर्चून रीतसर आपला करून घेईपर्यंत राज्यावर अतिविस्ताराचा भार राहतो, त्यातून असंतोष वाढतो, आणि बहमनी सत्ता मुस्लीम असून प्रजा बहुतांशी हिंदू असल्यामुळे तो आणखी भडकतो. म्हणून हे गुण शिल्लक नसताना नवे युद्ध काढू नये. गेम थांबवून सगळे हुकूम देता येतात, तेव्हा वेळेची घाई मुळीच करू नये, आणि एका रात्री फक्त एकच प्रश्न हाती घ्यावा. व्यापार आणि आरमार यांच्याकडे पहिली पन्नास वर्षे दुर्लक्ष झाले तरी फार बिघडत नाही. पद्धत अंगवळणी पडेपर्यंत ऑटोमन राज्य घेतले तर चुका पचवण्याइतकी ताकद हाताशी असते. पण आपला जीव दख्खनमध्ये अडकला असेल तर बहमनीच ठेवावे, फक्त प्रत्येक तहाच्या आधी गेमची एक प्रत निराळी साठवून ठेवावी आणि आघाडी उभी राहिली की त्याच तहावर परत जाऊन एखादा प्रांत कमी मागून पाहावा.