शंभर प्रश्न पाठ केले की नागरिकशास्त्र आलं?

वाळवंटातला_बाबा: २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने सगळ्यांच्या आधी कायदा केला: हायस्कूल पास व्हायचं तर बाहेरून आलेल्यांना नागरिक होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतले शंभर प्रश्न सोडवा; तेव्हा साठ बरोबर आले की पुरे होतं. मग इतर राज्यांनीही री ओढली. माझ्या मते ही निव्वळ घोकंपट्टी. मुलीला ४३५ प्रतिनिधी, १०० सिनेटर, २७ घटनादुरुस्त्या तोंडपाठ आहेत. पण चिमुकल्या वस्तीच्या वायोमिंगला नि अवाढव्य कॅलिफोर्नियाला दोन-दोनच सिनेटर का, विचारलं की गप्प. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना याच मुद्द्यावर सगळं फिसकटायच्या बेतात होतं. लहान राज्यं अडून बसली, तेव्हा संसदेच्या एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे आणि दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, समसमान जागा अशी तडजोड निघाली. ते भांडण वगळून नुसता आकडा शिकवायचा?

पाटी_पेन्सिल: असहमत. मी इथे अमेरिकेत आठवीला शिकवते. पाढे न येणाऱ्याने व्याज कुठून काढायचं? सरकारच्या तीन शाखा कुठल्या हेच माहीत नसलेली मुलं दरवर्षी समोर बसतात. २००२ च्या केंद्रीय कायद्यानंतर शाळांची लायकी वाचन-गणिताच्या परीक्षांवर ठरू लागली आणि आमचे नागरिकशास्त्राचे तास आक्रसले. ही परीक्षा आहे म्हणून निदान यादी तरी उघडली जाते.

वाळवंटातला_बाबा: उघडली जाते आणि तिथेच मिटते. शिवाय काही उत्तरं चक्क दिशाभूल करणारी. २००८ च्या यादीत विचारलंय, यादवी युद्धाला कारणीभूत एक समस्या सांगा. गुलामगिरी, आर्थिक कारणं किंवा राज्यांचे अधिकार, काहीही म्हणा, उत्तर बरोबर! पळालेले गुलाम पकडून देण्याची सक्ती उत्तरेवर लादणारा १८५० चा केंद्रीय कायदा दक्षिणेलाच हवा होता. तेव्हा कुठे गेले होते राज्यांचे अधिकार?

बोस्टनचा_कोकणी: इथे बाबांना शंभर टक्के अनुमोदन. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघण्याची कारणं जाहीर केली, त्यात अगदी सुरुवातीलाच गुलामगिरी आहे, आडपडदा न ठेवता. पण म्हणून पाठांतर वाईट? माझ्या आईने साठीनंतर हीच यादी घोकली. अधिकारी तोंडी दहापर्यंत प्रश्न विचारायचा, सहा जमले की पास. त्यानंतर ती टीव्हीवरच्या बातम्यांशी वाद घालायला लागली. (आता थांबत नाही, तो भाग वेगळा.)

शंकासुर: मला भलतंच खटकतं. कायदा घटनेविरुद्ध आहे का हे न्यायशाखा ठरवते, असं यादी सांगते. अमेरिकेच्या घटनेत हे स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार आपला असल्याचं ठासून सांगितलं. आपल्याकडे भारतात मूलभूत हक्कांना छेद देणारा कायदा रद्दबातल, असं घटनेच्या कलम १३ मध्ये लिहूनच ठेवलंय. मुलांना हा फरक कळणार कसा?

पाटी_पेन्सिल: मार्बरी शिकवतेच हो मी! पण परीक्षा काढलीत तर तिच्या जागी मार्बरी येणार नाही, गणिताचा जादा तास येईल.

वाळवंटातला_बाबा: मग तास मागा, परीक्षा कशाला? इलिनॉय राज्याने त्याच २०१५ मध्ये हायस्कूलला एका सत्राचं नागरिकशास्त्र सक्तीचं केलं, आणि चालू वादग्रस्त विषयांवर वर्गात चर्चा व्हावी हे कायद्यातच घातलं.

पाटी_पेन्सिल: उत्तम. आणि त्या चर्चेनंतर संतापलेल्या पालकांचे फोन कोण घेणार, तुम्ही?