मदत हवी आहे: पॅन्टोप्राझोल चालू असताना मॅग्नेशियमची तूट आहारातून भरेल का?

साठीच्या बाईंसाठी आहारतक्ता करायचा आहे. पॅन्टोप्राझोल (आम्लपित्ताची गोळी) बरीच वर्षं, शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. दोन्हींनी मॅग्नेशियम घटतं. सीरम (रक्तातलं) मॅग्नेशियम १.६ मिग्रॅ/डेसिलीटर (लॅबची खालची मर्यादा १.७), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल, पोटॅशियम काठावर. मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, किडनीतून निघून जातं, म्हणून आधी हेच. आणि रक्तात शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा एक टक्काही नसतो, तेव्हा खरी तूट मोठी असू शकते.

तक्ता असा: बाजरीचं पीठ १०० ग्रॅम (सुमारे १२५ मिग्रॅ), कोरडे मूग ५० ग्रॅम (९५), शेंगदाणे ३० ग्रॅम (५०), तीळ १० ग्रॅम (३५). बेरीज ३०५, गरज साधारण ३२०. कागदावर जमतं.

अडचण फायटेटची, म्हणजे धान्य-कडधान्यांतल्या, मॅग्नेशियमचं शोषण अडवणाऱ्या घटकाची. मूग भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं, पण भिजवलेलं पाणी टाकलं तर थोडं मॅग्नेशियमही जातं. तुम्ही ते पाणी टाकता की आमटीत घेता?

दुसरं, मॅग्नेशियमची गोळी लागलीच तर मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त, पण कमी शोषलं जातं आणि जुलाब होतात. मॅग्नेशियम सायट्रेट किती मिग्रॅपासून सुरू करता? सकाळी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आहे, त्यापासून चार तास अंतर ठेवायचंय. पॅन्टोप्राझोल बदलण्याचं डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.