फॅमिली ग्रुप, 30 डिसेंबर : एवढं वर्ष राहू द्या

छोटू : सलाम सगळ्यांना. यंदाचे संकल्प इथेच टाकतोय, म्हणजे लाजेखातर तरी पाळले जातील. पहाटे साडेपाचला उठणे. जिम. रील्स बंद. आणि वर्षभरात अख्खं बायबल.

मावशी : साडेपाचला? काल अकरा वाजता उठलास. दोनदा चहा गरम केला मी.

थोरले मामा : जुना-नवा करार मिळून अध्याय 1189. रोजचे सव्वातीन पडतात. उत्पत्ती, निर्गम गोष्टींच्या ओघात जातात, पण जानेवारी संपता संपता नियमांचं पुस्तक लेवीय येतं. खुणेची फीत तिथेच अडकते. माझी 1998 पासून तिथे आहे.

वहिनी : पप्पा, तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, आमच्या कॅथलिक बायबलात 73. छोटूभाऊजी, वाचायला वसईला येऊ नका, सात जास्तीची पडतील.

मी : उद्या रात्रीच्या उपासनेत वर्षाच्या वचनाची चिठ्ठी काढायची आहे ना? गेल्या वर्षी आमच्या एका बाकावर तिघांना एकच चिठ्ठी आली होती. यिर्मया 29:11.

आई : मलाही तेच. अजून फ्रिजवर आहे.

थोरले मामा : सगळ्यांच्याच फ्रिजवर आहे. वरची ओवी मात्र कोणी चिकटवत नाही. यिर्मयाने ते पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलं. दहाव्या ओवीत सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. आणि त्यांना करायला काय सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. छोटू, आपल्या मराठी बायबलात अकराव्या ओवीत ‘संकल्प’ हाच शब्द आहे बरं का. फक्त ते संकल्प परमेश्वराचे आहेत, आपले नाहीत.

छोटू : म्हणजे यादी डिलीट करू?

थोरले मामा : असं कुठे म्हटलं मी. रील्सचं तर आजपासूनच कर.

दादा (लीड्स) : मामा, इथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी देवाशी केलेल्या कराराची उपासना असते. जॉन वेस्लीने 1755 मध्ये लंडनला पहिल्यांदा घेतली, तीही ऑगस्टमध्ये. जानेवारीशी नातं नंतर जुळलं. तिच्यात सगळी मंडळी मिळून एक प्रार्थना म्हणते. मी आता माझा नाही, तुझा आहे. तुला हवं तिथे लाव, वापर किंवा बाजूला ठेव. चार वर्षं घडाघडा म्हणत आलो. ऑक्टोबरात नोकरी गेली. यंदा ‘बाजूला ठेव’ तोंडातून निघेल असं वाटत नाही.

आई : बाळा, फोन उचल. दोनदा लावला.

दादा (लीड्स) : नेटवर्क नव्हतं गं. करतो.

धाकटे मामा : मी मळ्यात होतो, आत्ता सगळं वाचलं. मला तुमच्याइतकं शास्त्र येत नाही. पण 31 च्या रात्री पाळकसाहेब लूकचा तेरावा अध्याय काढतात तेव्हा मी जागा असतो, कारण त्यात अंजीर आहे. मालक तीन वर्षं फळ बघायला येतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आता आमच्या सासवडकडचं सांगतो. अंजिराचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतो. पानं गळतात. बघणाऱ्याला वाटतं झाड गेलं. मग छाटणी, आळं खणून शेणखत, आणि मग पाणी. नुसतं लाडाने पाणी पाजत राहिलो तर पालाच वाढतो. दादा, तू सध्या ताणावर आहेस एवढंच मला कळतं.

दादा (लीड्स) : मामा...

छोटू : पण त्या गोष्टीत झाड स्वतः काहीच करत नाही. मग मी काय करायचं?

मावशी : खणताना मुळं दुखावतात, तेवढं सोसायचं. तुला उठवायला आले की पांघरूण ओढून घेतोस, तसं नाही करायचं.

वहिनी : आमच्याकडे 1 तारखेला देवमातेचा सण असतो, मिस्सा चुकवायची नाही. नाताळपासून आठवा दिवस, बाळाचं येशू नाव ठेवलं तो. फादर म्हणाले होते, वर्षाची सुरुवात बाळाचं नाव ठेवण्याने होते, आणि ते नावही आईबापांनी निवडलेलं नाही, देवदूताने सांगितलेलं. मला ते लूकच्या माळ्यासारखंच वाटलं.

थोरले मामा : चांगलं बोललीस. फक्त एक लक्षात ठेवा, माळ्याने मुदत एकाच वर्षाची मागितली आहे. फळ आलं तर ठीक, नाही तर तोडा, असंही तोच म्हणतो. आणि पुढे काय झालं हे येशू सांगतच नाही. झाडाला अंजिरं लागली का, कोणाला ठाऊक नाही. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत मी बाईंना विचारलं होतं. त्यांनी मला बाहेर उभं केलं.

धाकटे मामा : थोरल्या दादा, लेवीयमध्ये झाडांचं काहीतरी आहे ना? आपले बाबा कलमं लावताना म्हणायचे.

थोरले मामा : थांब, बघतो.

थोरले मामा : अध्याय 19, ओवी 23 पासून. झाड लावल्यावर तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं परमेश्वराचं, पाचव्या वर्षी तुम्ही खा. फीत याच्या आठ अध्याय अलीकडे होती, आणि मी इतकी वर्षं कंटाळून पुस्तक मिटत आलो.

छोटू : मामा, आपण दोघं मिळून वाचूया? तुमच्या फितीपासून. रोज एक अध्याय, फोनवर.

थोरले मामा : चालेल. बाराव्यापासून. पण हसायचं नाही, तो बाळंतिणीच्या शुद्धीचा आहे.

आई : उद्या आजीला साडेदहाला घ्यायचंय, गाडी कोणाची? शाल आणि पाठीला उशी विसरू नका. धाकटे, अंजिराची पाटी आणतोस ना? खाली पाला घाल, मागच्या वेळी सगळी दबली होती.

धाकटे मामा : गाडी माझी. खट्ट्या बहाराची थोडी राहिलीत, तीच आणतो.

छोटू : मामा, मग 1 तारखेपासून साडेपाचला फोन करू?

मावशी : संध्याकाळच्या ना?