मदत हवी आहे: एकटी परदेशात फिरणाऱ्या आत्याला घरून धीर कसा द्यायचा?

साताऱ्याची_भाची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी आत्या बँकेतून निवृत्त झाली आणि एप्रिलमध्ये पाठीला सॅक लावून एकटीच निघाली. आधी उझबेकिस्तान, मग कझाकस्तान, आता किर्गिझस्तान. इसिक-कुल तलावाच्या पूर्वेला काराकोल म्हणून गाव आहे, तिथे एका घरगुती गेस्टहाउसमध्ये सध्या मुक्काम आहे. पुढे ओश, हवामान आणि परवाना जमला तर पामीर, आणि हिवाळ्यात जॉर्जिया असा बेत. निदान वर्षभर परतायचं नाही असं ठरवूनच गेली आहे. वय ५९, गुडघे माझ्यापेक्षा चांगले, लग्न केलेलं नाही, सगळी नोकरी सातारा-कऱ्हाड-फलटण पट्ट्यात गेली. पैसे तिचे, निर्णय तिचा. तेव्हा 'या वयात कशाला' हा विषय इथे नको, तो आमच्या घरी रोज संध्याकाळी होतोच.

सुरुवातीला सगळं झकास होतं. ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी उभी राहून तिने बाबांना व्हिडिओ कॉल केला, तेव्हा आठवडाभर अबोला धरलेले बाबा विरघळले. समरकंदहून तर फोटोंचा पाऊस. जुलैपासून मात्र काहीतरी बिनसलंय. 'बरी आहे. इकडे पाऊस.' एवढेच मेसेज. सोंग-कुल तलाव ३,००० मीटर उंचीवर आहे, उन्हाळ्यात तिथे मेंढपाळांच्या यर्टमध्ये (गोल तंबूत) राहता येतं. तिथे जायचं हे तिचं कितीतरी वर्षांचं खूळ. जाऊन आली आणि एकच फोटो टाकला, तोही घोड्याच्या शेपटीचा.

खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "कंटाळा नाही गं आला, शीण आलाय. आज कुठे झोपायचं, मांस नसलेलं काय मिळेल, कुठल्या मार्शरूत्कात बसायचं, सगळं मीच ठरवायचं. आणि फोन लावावा तर तुम्ही तोंडी परीक्षा घेता." (मार्शरूत्का म्हणजे आपली वडाप, फक्त रंगाने पांढरी.)

तोंडी परीक्षा म्हणजे आमचा फॅमिली ग्रुप. तिने फोटो टाकला की खाली ओळीने: काळजी घ्या. एकट्याच आहात का? जेवलात काय? परत कधी? मग एक फुलांचं शुभ सकाळ. काका मधूनच २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला (किर्गिझस्तानची राजधानी) परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते त्याची बातमी पुन्हा टाकतात. सगळे मायेपोटीच करतात, ते कळतं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. मागच्या आठवड्यात आजीच्या हातात फोन देऊन व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायला लावला. आजीला वाटलं अजून सुरूच झालं नाही. त्यामुळे त्यात आहे काय, तर कुकरची शिट्टी, "हे दाबलंय का गं?", दूधवाल्याने कालही पाणी घातलं म्हणून त्याचा उद्धार, आणि शेवटी "आत्याला सांग, तिच्या कुंडीतल्या गवती चहाला मी पाणी घालते." बस. त्यावर आत्याचा भलामोठा मेसेज आला, कित्येक दिवसांनी. गेस्टहाउसच्या मालकीणबाई जर्दाळूचा मुरांबा कसा करतात, साखर किती, सगळं.

आता खरी अडचण. आजी परवा न्हाणीघरात घसरली. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, मुका मार आहे, काठी घेऊन चालते. बाबा म्हणतात आत्याला कळवा, म्हणजे येईल परत. आई म्हणते एक अक्षर बोलू नका. मला दोन्ही पटत नाही.

तर सांगा: लांबच्या माणसाला उभारी येईल असं इथून काय करता येतं? खाऊ पाठवावा का? मी अचानक जाऊन भेटावं का? दिल्लीहून ताश्कंद तीन तासांवर आहे म्हणतात. आणि आजीचं सांगावं का?

---

जुना_भटक्या

मी चिली-अर्जेंटिनात बरेच महिने एकटा फिरलोय, तेव्हा अनुभवाचे बोल समजा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ही मरगळ येते. नव्याची नवलाई संपलेली असते आणि अंगाला नवी घडी बसलेली नसते. आत्यांनी स्वतःच कारण सांगितलंय की: रोज सगळं आपणच ठरवायचं. त्यात आपला पासपोर्ट. कझाकस्तानात विसाशिवाय राहायचं तर एका वेळी १४ दिवस, दुसरीकडे ई-विसावरची तारीख. डोक्यात कायम उलटी गिनती.

त्यांना म्हणावं, काराकोल सोडू नका. विसात बसेल तितकं तिथेच राहा, त्याच खोलीत, त्याच दुकानातून पाव आणा. रविवारी तिथे जनावरांचा बाजार भरतो, तो दोनदा बघा. फिरायला गेलंय म्हणून रोज फिरलंच पाहिजे असं नाही. आणि हे घरच्यांनी सांगितलं तर जास्त लागू पडतं. कारण प्रवासी मनात धास्तावलेला असतो की आपण बसून राहिलो तर घरचे म्हणणार, 'मग तिकडे काय बसायला गेलीस?'

अचानक भेट अजिबात नको. तुम्ही गेलात की तुमची सरबराई हे आणखी एक काम. विचारून जा, आणि गेलात तर आठवडाभर मार्शरूत्का तुम्ही शोधा.

---

खडूस_काकू

आजीचं सांगा. आजच सांगा.

माझा मुलगा बाहेर असताना आम्ही त्याच्या आजोबांचं ऑपरेशन लपवलं. त्याला दुसऱ्याकडून कळलं, आणि मग पुढचं वर्षभर 'सगळं ठीक आहे' असं म्हटलं की तो विचारायचा, "खरंच ना?" लांबच्या माणसाचा घरच्या 'ठीक आहे'वर विश्वास राहिला नाही तर तो तिकडे रोज वाईटच कल्पना करत बसतो.

फक्त सांगताना तुमच्या बाबांच्या हातात फोन देऊ नका. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, कोण बघतंय, आणि तुझी इथे गरज आहे की नाही, एवढं स्पष्ट. शक्य तर आजीलाच बोलू द्या, काठीसकट.

---

निवांत

आत्याबाईंच्याच बिरादरीतला, निवृत्त बँकवाला. तुम्ही सगळे धीर-उभारी म्हणताय, मी म्हणतो त्यांची कामं उचला. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. ३१ जुलै गेली, आयकराचं विवरणपत्र भरलं का बघा. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो परदेशातून कसा द्यायचा हे आत्ताच त्यांच्या शाखेत जाऊन विचारा.

आणि सर्वात महत्त्वाचं, त्यांच्या इथल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. ओटीपी त्यावरच येतो. परक्या गावात कार्ड अडलं आणि ओटीपी येईना, तेव्हा तुमचे शंभर 'ऑल द बेस्ट' कामाचे नाहीत. महिन्यातून एकदा 'सगळं भरलंय' एवढा मेसेज करा, बघा किती बरं वाटतं त्यांना.

---

रानवारा

पामीरला जाणार असतील तर आधीच ठरवून घ्या की अमुक दिवस संपर्क होणार नाही. त्या रस्त्यावर मुरगाब ३,६०० मीटरवर, अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर, मध्ये लांबलांब मोबाइलला रेंज नाही. शिवाय ताजिकिस्तानच्या विसाखेरीज गोर्नो-बदख्शानचा (हा रस्ता त्याच प्रांतातून जातो) वेगळा परवाना लागतो. घरच्यांना हे माहीत नसलं की दुसऱ्या दिवशी रडारड, तिसऱ्या दिवशी दूतावासाला फोन. घरातल्या एकाच माणसाशी ठरवायचं: इथून निघाले, तिथे पोचल्यावर कळवीन, या तारखेपर्यंत कळलं नाही तरच हालचाल करा. बाकीच्यांनी त्या एकाला विचारायचं, आत्यांना नाही.

---

चिवडा_मारके

एक सॅटेलाइट मेसेंजर घेऊन द्या ना, रेंज नसली तरी 'ओके' पाठवता येतं. हल्ली सगळे ट्रेकर वापरतात.

---

रानवारा

@चिवडा, घाई नको. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असली उपकरणं भारतात आणता येत नाहीत, विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी अडकवल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. तिकडेच भाड्याने घेऊन तिकडेच परत करणार असतील तर ठीक.

---

कोथरूडकर_मामा

खाऊबद्दल. पोस्टाने खाद्यपदार्थ पाठवायच्या फंदात पडू नका. कस्टम, उशीर, आणि तोवर त्या पुढच्या देशात. पण किर्गिझस्तानात आपली वैद्यकीयची पोरं ढिगाने आहेत, बिश्केकला आणि ओशला, त्यात महाराष्ट्रातली भरपूर. बिश्केकला भारतीय मेससुद्धा आहेत, वरण-भात मिळतो. माझा भाचा ओशला शिकतो, सुट्टीला आलाय आणि ऑगस्टअखेर परत जाणार. आत्या ओशला जाणारच आहेत ना?

---

साताऱ्याची_भाची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके उपयोगी प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री आजीलाच फोनवर बसवलं. (तिकडचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तासच असल्याने वेळेची भानगड नाही.) आजीने आधी काठी दाखवली, मग पडल्याची गोष्ट सांगितली, आणि वर म्हणाली, "तू येऊन काय करणार, तुला काय प्लास्टर घालता येतं?" आत्या जरा रडली, मग दोघी हसत सुटल्या. बाबा मागे येरझारा घालत होते. शेवटी फोन घेऊन म्हणाले, "यायचं असलं तर तिकीट मी काढतो, नसलं यायचं तरी हरकत नाही." बाबांकडून हे म्हणजे फार झालं!

आत्या काराकोलातच थांबणार आहे. मालकीणबाईंची सून तिला रशियन शिकवतेय, बदल्यात आत्या तिच्या पोराचं गणित घेते. पामीरचं नंतर बघू म्हणाली. मला तर वाटतं या वर्षी ती जाणार नाही, आणि नाही गेली तरी काही बिघडत नाही.

फॅमिली ग्रुपवर प्रश्न बंद, असा फतवा काढलाय. काका रुसलेत. त्यांना काम दिलंय: रोज घरातलं काहीतरी बिनमहत्त्वाचं रेकॉर्ड करून पाठवायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी एसटी स्टँडवरची गाड्यांची घोषणा पाठवली, अख्खी, कोरेगावपासून महाबळेश्वरपर्यंत.

@निवांत काका, रिचार्ज खरंच संपत आला होता! आजच केला. दाखल्यासाठी सोमवारी बँकेत जाते.

@मामा, हो, सप्टेंबरात ओशला जाणार आहे. मेतकूट आणि थोडं लिंबाचं लोणचं चालेल का? किती वजनापर्यंत?

---

कोथरूडकर_मामा

अर्धा किलोच्या वर नको, पोराची बॅग आधीच त्याच्या आईने भरलीय. मेतकूट आणा, डबल पिशवीत, वर नाव घालून. लोणचं नको. तेल गळलं तर त्याची पुस्तकं जातील आणि बहीण मला घरात घेणार नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, २० तारखेच्या आत पोचेल असं बघा.