दुर्बीण कुठल्या देशात बनली याने फरक पडतो का? तुमचे अनुभव लिहा

सावली

दुर्बीण घ्यायची म्हटलं की कुणीतरी हटकून विचारतं, "चिनी नाही ना?" आणि जुनी दुर्बीण विकणारा पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, "अस्सल जपानी आहे." पुढची चर्चा दोन मिनिटांत आटोपते. एकजण जर्मनी-जपानचा झेंडा धरतो, दुसरा म्हणतो आता सगळं चीनमध्येच बनतं. म्हणून इथे मतं कमी आणि अनुभव जास्त येऊ देत. तुमच्या दुर्बिणीवर कुठला शिक्का आहे, ती कशी चालली, बिघडली तेव्हा काय झालं, ते लिहा. पक्षी बघा, तारे बघा, जहाजं बघा, काही हरकत नाही.

सुरुवात मीच करते. निकॉनची मोनार्क एम७ चीनमध्ये बनते आणि मोनार्क एचजी जपानमध्ये. दोन्ही ८×४२ (म्हणजे आठपट वाढ, पुढचं भिंग ४२ मिमी), दोन्हींचं दृश्यक्षेत्र ८.३ अंश. शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मध्यभागी फरक शोधावा लागतो. कडेला मात्र एम७ मध्ये पानं विरघळायला लागतात आणि एचजीत शिरा दिसत राहतात. यावरून जपान जिंकला म्हणायचं का? मला नाही पटत. एचजीत कडेची प्रतिमा सपाट करणारं जादा भिंग आहे, अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, आणि किंमतही वरची. कंपनीनेच महागडं डिझाइन एका देशात आणि मधलं दुसऱ्या देशात ठेवलंय. देशांची खरी तुलना करायची तर एकच डिझाइन दोन देशांत बनलेलं हवं, आणि ते दुकानात क्वचितच मिळतं.

जुनाबाजार

छान धागा. मी जुन्या दुर्बिणी गोळा करतो, त्यामुळे शिक्के वाचायची सवयच लागली आहे.

जपानी म्हणजे उत्तम हे समीकरण अलीकडचं आहे. महायुद्धानंतर 'ऑक्युपाइड जपान' असं कोरलेल्या दुर्बिणी बाहेर पडल्या, १९५२ मध्ये दोस्त राष्ट्रांचा ताबा संपेपर्यंतच्या. त्यातल्या काही झकास आहेत, काहींचं आतलं काम बघवत नाही. तेव्हा टोकियोच्या इताबाशी भागात छोट्या कारखान्यांचं जाळं होतं. कुणी प्रिझम (चित्र सरळ करणारी आतली काच) घासायचं, कुणी सांगाडा बनवायचं, कुणी नुसती जुळणी. पुढे निर्यातीच्या मालाची तपासणी सुरू झाली आणि पास झालेल्या दुर्बिणीवर लहानसा लंबगोल सोनेरी स्टिकर यायला लागला. तो आजही एखाद्या जुन्या दुर्बिणीवर अर्धवट खरवडलेला सापडतो. बिजागराच्या टोकाला 'जेबी' किंवा 'जेई' आणि पुढे एखादा आकडा कोरलेला असतो, त्यावरून कारखाना शोधता येतो. वर नाव कुठल्याही अमेरिकी किंवा युरोपी दुकानाचं असो, खाली तोच आकडा. माझ्याकडे वेगवेगळ्या नावांच्या दोन ७×३५ आहेत. आकडा एकच, स्क्रूसुद्धा त्याच जागी.

जर्मन शिक्क्याची गंमत याहून जुनी. तो शिक्का जर्मनांनी हौसेने मारलेला नव्हता. ब्रिटनने १८८७ मध्ये परदेशी मालावर देशाचं नाव घालायचा कायदा केला तो आपल्या गिऱ्हाइकाला परका माल ओळखता यावा आणि त्याने तो टाळावा म्हणून. झालं उलटंच.

आता मुद्द्याचं. १९८५ च्या प्लाझा करारानंतर (डॉलर स्वस्त करायचा मोठ्या देशांचा समझोता) येन चांगलाच वधारला. साधा आणि मधला माल जपानमध्ये बनवून परदेशी विकणं परवडेनासं झालं आणि ते काम हळूहळू बाहेर गेलं, बरंचसं चीनमध्ये. जपानमध्ये मुख्यत्वे वरच्या दर्जाचं काम उरलं. आज नव्या दुर्बिणीवर जपान दिसलं की ती सहसा चांगली निघते, त्यामागे हे गाळप आहे. १९७० च्या आसपासच्या दुर्बिणीवर तोच शिक्का असेल तर तो काहीच सांगत नाही, कारण तेव्हा चांगली-वाईट दोन्ही तिथेच बनत होती.

भिंगरी

माझी चिनी आहे. ८×४२, रूफ प्रिझमवाली, म्हणजे सरळ नळ्यांची. पावसात भिजली, दगडावर आपटली, रबर फाटलं, अजून स्वच्छ दिसतं. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. वाचतेय.

स्क्रूड्रायव्हर

दुर्बिणी दुरुस्त करणं हा माझा उद्योग, म्हणून जरा लांबण लावतो.

टेबलावर आलेली दुर्बीण उघडली की आधी प्रिझम कसे धरलेत ते बघतो. चांगल्या पोरो दुर्बिणीत (जुन्या धाटणीची, नळ्या मधे बाजूला वळलेल्या) प्रिझम घडवलेल्या खाचेत नेमका बसतो, वरून धातूची पट्टी त्याला दाबून धरते, कडा काळ्या केलेल्या असतात आणि प्रिझमच्या मोठ्या पृष्ठावर मधोमध एक बारीक खोबण असते, भटका प्रकाश अडवायला. स्वस्त दुर्बिणीत प्रिझम चार ठिपके गोंद लावून चिकटवलेला. एक धक्का बसला की तो केसभर सरकतो आणि दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसायला लागतात. असे गोंदवाले प्रिझम मी चिनी दुर्बिणीत पाहिलेत, जपानी दुर्बिणीत पाहिलेत, आणि युरोपातलं मोठं नाव मिरवणाऱ्या दुर्बिणीतही पाहिलेत. तसंच पट्टीवालं नेटकं काम चिनी दुर्बिणीतही सर्रास दिसतं. आतल्या नळीचे आटे चकचकीत ठेवलेत की मॅट काळे केलेत, हेही बघा. टॉर्च मारून बाहेरूनसुद्धा दिसतं.

रूफ प्रिझमचं गणित कडक आहे. छपरासारखे दोन पृष्ठभाग बरोबर ९० अंशांत लागतात, चूक काही विकलांपुरतीच चालते. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. शिवाय छपरावर प्रकाश दोन भागांत विभागला जातो आणि त्या भागांची लय बिघडते, म्हणून त्यावर फेज कोटिंग लागतं. झाइसने ते १९८८ मध्ये आणलं. त्याआधीची महागडी जर्मन रूफ दुर्बीण आणि आजची मधल्या किमतीची, फेज कोटिंगवाली चिनी दुर्बीण एकाच पाटीकडे रोखा. बारीक अक्षरं बहुतेक वेळा चिनीतून आधी वाचता येतात. जुन्याच्या चाहत्यांनो, रागावू नका, बिजागर अजूनही जुनंच छान फिरतं.

दुरुस्तीत देश कुठे आडवा येतो सांगू? सुट्या भागांत. पूर्व जर्मनीच्या येना कारखान्याच्या ८×३० इतक्या बनल्या की एका मेलेल्या दुर्बिणीतून दुसरी जिवंत करता येते. वस्तुभिंगाभोवतीची (पुढच्या भिंगाभोवतीची) विकेंद्री कडी फिरवून दोन्ही नळ्या पुन्हा समांतर आणता येतात. वंगण सुकून बिजागर घट्ट झालेलं असतं, तेही साफ होतं. आजच्या बऱ्याच दुर्बिणी, कुठल्याही देशाच्या, रबराखाली अशा चिकटवून टाकलेल्या असतात की उघडताना रबरच हातात येतं.

अमावास्या

तारे बघणाऱ्यांच्या वतीने. झाडावरच्या पक्ष्यात डोळा सांभाळून घेतो, ताऱ्यात काही लपत नाही. ठिपका ठिपका दिसला पाहिजे, त्याला शेपूट फुटली की दुर्बिणीचं पितळ उघडं.

माझ्याकडे येनाची जुनी १०×५० आणि एक नवी चिनी १०×५०, दोन्ही पोरो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर डोळ्यापर्यंत ६६ टक्के पोचतो. एकपदरी लेपाने दर पृष्ठभागाचं नुकसान दीड टक्क्यावर आणलं तर ८६ टक्के. चांगल्या बहुपदरी लेपाने अर्ध्या टक्क्यावर आणलं तर ९५ टक्के. मुळात काचेवर असा लेप देणं झाइसच्याच स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलं, म्हणजे श्रेय जर्मनीचं. पण माझ्या जुन्या जर्मन दुर्बिणीवर एकपदरी आहे आणि नव्या चिनीवर बहुपदरी. मृगातला तेजोमेघ नवीत उजळ दिसतो, वाद घालायला जागाच नाही.

मात्र नवी पहिल्यांदा आली ती दोष घेऊनच. गुरूवर धरली तर दोन गुरू. डोळे ताणले की एक व्हायचे, सोडले की पुन्हा दोन, दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. विक्रेत्याने बदलून दिली, दुसरी उत्तम आहे. डिझाइन तेच, कारखाना तोच, देश तोच. कमी किमतीत कंपनी तपासणीवर हात आखडते आणि ते काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं. म्हणून परत करायची सोय नसेल तिथून मी दुर्बीण घेत नाही, शिक्का कुठलाही असो.

किनारा

मी थोडा विरुद्ध बाजूने. समुद्रावर वापरायला मी फुजिनॉनची ७×५० घेतली, जपानी. वजन दीड किलोच्या आसपास, दोन्ही डोळ्यांचं फोकस वेगवेगळं लावायचं. देश बघूनच घेतली, हो. वर जुनाबाजार यांनी गाळपाचं लिहिलंय ते मान्य, पण मग गिऱ्हाइकाने त्या गाळपाचा फायदा का घेऊ नये? मला प्रिझम उघडून बघता येत नाही. शिक्का बघता येतो.

स्क्रूड्रायव्हर

किनारा, तुमच्या दुर्बिणीबद्दल वादच नाही, ती मलाही द्या. पण त्या मॉडेलची ख्याती शिक्क्याशिवायही माहीत असते. अनोळखी नावाच्या डब्यावर 'जपान' छापलेलं दिसलं तर तेवढ्याच विश्वासाने घ्याल का?

किनारा

नाही घेणार. बरं, अर्धा गुण तुम्हाला.

चष्मेवाला

युरोपी नावांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. झाइस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जर्मनी येतो. टेरा ईडी ही त्यांची मालिका चीनमध्ये बनते आणि खिशात मावणारी व्हिक्टरी पॉकेट जपानमध्ये. लायकाचा पोर्तुगालमध्ये १९७३ पासून कारखाना आहे. स्वारोव्स्की ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या अब्सामला. चेक प्रजासत्ताकातली मेओप्टा लोकांच्या ध्यानातच येत नाही, पण तिथे काम कसून होतं. व्हॉर्टेक्स अमेरिकी; त्यांची रेझर यूएचडी जपानची, डायमंडबॅक चीनची. मला यात कुठे फसवणूक दिसत नाही, शिक्का स्पष्ट मारलेला असतो. कंपनी आपलं डिझाइन आणि तपासणीचे निकष घेऊन जाते, आणि निकष किती कडक ठेवायचे ते किमतीवरून ठरवते.

माझी तक्रार वेगळी आहे. एका नामांकित कंपनीची दुर्बीण मी परदेशातून मागवली, तिथे स्वस्त होती म्हणून. आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) सैल झाला. मला तो चष्म्यासाठी पूर्ण खाली ठेवावा लागतो, तर तो आपोआप वर यायचा. इथल्या सेवा केंद्राने सांगितलं, वॉरंटी जिथे विकत घेतली त्या देशापुरती. बनली कुठे हे कुणी विचारलंच नाही! विकली कुठे एवढंच बघितलं. टपाल-खर्च करून परत पाठवली, काही महिन्यांनी नीट होऊन आली. तेव्हापासून खरेदीआधी मी वॉरंटीचा कागद वाचतो, बारीक अक्षरांसकट.

सोनकी

जुन्या सोव्हिएत ८×३० चा उल्लेख राहून गेला. घरात एक आहे, हातोड्यासारखी मजबूत. चित्राला पिवळट झाक आहे, ती त्या काळच्या बऱ्याच सोव्हिएत दुर्बिणींत असते. धुक्यात आणि बर्फात उठाव बरा मिळतो, पण पक्ष्याचा रंग ओळखायला गेलात तर पांढरा करडाच्या जवळ जातो. १९४५ नंतर येनाची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात नेली गेली होती, आणि माझीचा आकार अगदी येनाच्या वळणाचा. तरी रंग आपला वेगळाच. वंशावळ एक आणि चेहरा भलताच!

भिंगरी

मी परत आले. एक विचारायचं होतं. माझ्या भावाने ऑनलाइन एक घेतलीय, डब्यावर 'जर्मन तंत्रज्ञान' आणि '३०×६०' लिहिलंय. कुठे बनली ते कुठेच नाही. ठेवावी का?

अमावास्या

मोजपट्टी घेऊन पुढच्या भिंगाचा व्यास मोज. ६० मिमी भरायला हवा. अशा छाप्याच्या दुर्बिणींत तो सहसा २१-२२ मिमी भरतो आणि वाढ आठपटीच्या आसपास असते. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोख, नेत्रिकेत एक प्रकाशाची चकती दिसेल. गोल आणि सगळीकडे सारखी उजळ असेल तर ठीक. कडा कापल्यासारखी चौकोनी, राखाडी दिसली तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. पुढच्या भिंगांवर लाल आरशासारखी चमक असेल तर चकतीपर्यंत जायचीही गरज नाही.

भिंगरी

२२ मिमी. लाल. परत पाठवतोय तो.

सावली

शिक्का शोधणाऱ्यांसाठी: बहुधा बिजागराच्या खालच्या बाजूला किंवा फोकसच्या चाकाखाली बारीक अक्षरांत असतो. काही दुर्बिणींत तो रबरावरच उठवलेला असतो, तिरपा उजेड पाडल्याशिवाय दिसत नाही. डब्यावर नुसतं अमुक देशात 'डिझाइन केलेली' किंवा 'भिंगं अमुक देशाची' असेल तर त्यावरून जुळणी कुठे झाली ते ठरवू नका. किनारा, तुमच्या ७×५० ने तारे कसे दिसतात तेही जमल्यास लिहा. अमावास्या विचारणारच आहेत.